भैषज्यगुरूच्या हातातील हिरडा



आपल्यापैकी कित्येक कुटुंबांनी अलीकडेच त्रिशरण-पंचशील ग्रहण केले आहे. घरातील जुने देव्हारे उतरले आणि त्या जागी तथागतांची व परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा आली. हे परिवर्तन होऊन फार दिवस लोटले नाहीत, तोच बाजाराने आपला माग काढला आहे. निळ्या रंगाची, मांडीवरील डाव्या हातात पात्र धरलेली एक मूर्ती 'आरोग्यदायी बुद्ध' या नावाने दुकानांतून आणि मोबाईलच्या पडद्यावरून घरोघर पोहोचू लागली आहे. तिच्यासोबत एक छापील चिठ्ठी येते. मूर्ती कोणत्या दिशेस ठेवावी, कोणत्या वारी पुसावी आणि तिच्यायोगे कोणकोणते विकार दूर होतात, याची यादी तीत असते. "वकीलसाहेब, ही मूर्ती घरात ठेवली तर चालेल काय?" हा प्रश्न मला विहारात विचारला जातो आणि कोर्टाच्या व्हरांड्यातही विचारला जातो. 'होय' किंवा 'नाही' एवढ्याने मी प्रश्नकर्त्याची बोळवण करीत नाही. कारण प्रश्न मूर्तीचा असला, तरी त्याच्या पोटात घरातील आजाऱ्याचा प्रश्न दडलेला असतो.

प्रथम ही मूर्ती कोणाची, ते पाहू. ती भगवान गौतम बुद्धांची नव्हे. महायान पंथात भैषज्यगुरू-वैडूर्यप्रभराज या नावाचा एक बुद्ध मानिला आहे, त्याची ती प्रतिमा होय. भैषज्य म्हणजे औषध. वैडूर्य म्हटले की आपल्याकडे लसण्या आठवतो. परंतु तिबेटी चित्रकारांनी त्याचा अर्थ बदख्शानच्या खाणीतून येणारा निळा लाजवर्द असा घेतला आणि मूर्तीची काया निळी केली. पाली त्रिपिटकात या बुद्धाचे नाव नाही. त्याचे सूत्र संस्कृतात आहे. त्याची जुनी हस्तलिखिते १९३१ साली गिलगिट येथील एका स्तूपाच्या अवशेषांत सापडलेल्या पोथ्यांत मिळाली. तत्पूर्वी कितीतरी शतके, इ.स. ६५० मध्ये, ह्युएनत्संगाने त्याचे चिनी भाषांतर केले होते. पुलकेशीच्या राजवटीत आपला महाराष्ट्र पाहून गेला तोच हा यात्रेकरू. (दुकानातील त्याच फळीवर जो ढेरपोट्या, हसरा मनुष्य बसलेला असतो, तो तर कोणताच बुद्ध नव्हे. तो बुदाई नावाचा चिनी भिक्षू. त्याच्या पोटावरून हात फिरवून धन मिळते, असे सांगणारा विक्रेता आपणांस फसवीत आहे, एवढे येथे पुरे.)

या सूत्रात भैषज्यगुरूच्या बारा प्रतिज्ञा सांगितल्या आहेत. बोधिसत्त्व असताना त्याने त्या केल्या, असे सूत्रकार म्हणतो. वकिलाची सवय अशी, की दस्तऐवज हाती आला म्हणजे तो प्रथम कलमवार वाचावा. तसा तो मी वाचला तेव्हा मला काही कलमांचे फार नवल वाटले. सहाव्या प्रतिज्ञेत आंधळे, बहिरे, पांगळे, कुष्ठरोगी व वेडे यांच्या व्यथामुक्तीचा संकल्प आहे. सातवीत ज्याला वैद्य नाही, औषध नाही, आप्त नाही, घर नाही, अशा दरिद्री रोग्याचा उल्लेख आहे. दहावी प्रतिज्ञा राजदंडाने बांधलेल्या, चाबकाचे फटके खाणाऱ्या, तुरुंगात खितपत पडलेल्या माणसांविषयी आहे. अकरावीत भुकेपायी दुष्कर्माकडे वळणारा मनुष्य येतो. बारावीत अंगावर वस्त्र नसल्यामुळे डास, थंडी व ऊन सोसणारा येतो. रोगाची ही व्याख्या किती व्यापक आहे! उपासमार, नग्नता आणि बंदिवास यांनाही सूत्रकाराने व्याधींच्याच रांगेत बसविले. ज्यांच्या आजापणज्यांनी गावकुसाबाहेर या सर्व व्याधी एकाच वेळी भोगल्या, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

परंतु दस्तऐवजातील सोयीचा भाग वाचून दाखवावा आणि गैरसोयीचा दडवावा, हे मला शोभणार नाही. आठव्या प्रतिज्ञेत स्त्रीजन्माच्या दुःखांना कंटाळलेल्या स्त्रीस पुढे पुरुषजन्म मिळावा, असे म्हटले आहे. हे मला मान्य नाही. स्त्रीचे दुःख तिच्या स्त्रीपणात नसून तिला वागविणाऱ्या व्यवस्थेत आहे. बाबासाहेबांनी त्यावर पुनर्जन्माचा नव्हे, कायद्याचा उपाय शोधिला आणि तो अडविला गेला तेव्हा १९५१ साली मंत्रिपदाचा त्याग केला. त्याच सूत्रात भैषज्यगुरूचे नाव ऐकताच व्याधी नष्ट होते, असेही लिहिले आहे. सात मूर्ती घडवाव्यात, एकोणपन्नास दिवस दिवे तेवत ठेवावेत, असा विधीही दिला आहे. दुकानदाराची चिठ्ठी सर्वस्वी त्याच्या कल्पनेतून आलेली नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

मग निवाडा कोणत्या कसोटीवर करावयाचा? ती कसोटी बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आपल्या हाती दिली आहे. जे बुद्धिसंगत व तर्कसंगत असेल ते बुद्धवचन मानावे आणि ज्याचा मनुष्याच्या कल्याणाशी संबंध नाही ते बुद्धाच्या माथी मारू नये, असा तिचा आशय. या कसोटीने नामोच्चाराने रोग जातो हे विधान गळून पडते. निराधार रोग्याला वैद्य, औषध आणि आप्त मिळाला पाहिजे, ही प्रतिज्ञा मात्र टिकते. आणि ती महायानाच्याही पूर्वीच्या, खुद्द तथागतांच्या आचरणाशी जुळते.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो आपल्याच मलमूत्रात लोळत पडला होता आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. विहारात फिरताना भगवंतांनी ते पाहिले. आनंदाला त्यांनी पाणी आणावयास सांगितले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग भगवंतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून त्याला उचलले व खाटेवर निजविले. त्यानंतर संघ बोलाविला. त्याची शुश्रूषा का केली नाही, असे विचारता भिक्खूंनी उत्तर दिले, की तो आमच्या काही उपयोगी पडत नव्हता. तेव्हा भगवंत म्हणाले, की तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावयाची असेल, त्याने रोग्याची सेवा करावी.

वाचकहो, येथे थोडे थांबा. भगवंतांनी रोग्याच्या मस्तकावर हात ठेवून मंत्र म्हटला नाही. अतिसार एका शब्दाने थांबविला, असे विनयकाराने लिहिले नाही. लिहिण्यास त्याला कोणी अडविले नव्हते. त्याने लिहिले ते पाणी, धुणे, उचलणे आणि निजविणे. किसा गोतमी मेलेले मूल कवटाळून औषध मागावयास आली, तेव्हाही मूल जिवंत झाले नाही. ज्या घरात कधी कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे सांगून भगवंतांनी तिला मरण समजावून दिले. येशूच्या चरित्रात मृत उठतात, पुराणांत सत्यवान परत येतो. आमच्या शास्त्याच्या या कथेत चमत्कार घडत नाही, हे वैगुण्य आहे असे वाटणारे नवबौद्ध मी पाहिले आहेत. माझ्या मते धम्म स्वीकारावयास तेवढे एक कारणही पुरेसे आहे.

आता मूर्तीकडे पुन्हा पाहू म्हणजे तिची चिन्हे उलगडतील. तिबेटी पद्धतीच्या मूर्तीत डाव्या हातातील पात्र औषधाचे असते. उजवा हात गुडघ्यावरून पुढे आलेला, तळवा बाहेर वळलेला. ही वरदमुद्रा, म्हणजे देण्याची मुद्रा. त्या हाताच्या बोटांत फळासह एक डहाळी असते. ते फळ हरीतकीचे, म्हणजे आपल्या हिरड्याचे. हा हिरडा आपणांस परका नाही. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतील आदिवासी बांधव बाळहिरडा वेचून आपला संसार चालवितात, आणि तोंड आले की तो उगाळून लावणारी आजी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. महावग्गातील औषधांच्या प्रकरणात भिक्खूंना जी फळे औषध म्हणून ठेवण्यास अनुज्ञा मिळाली, त्यांत हिरडा, बेहडा आणि आवळा ही तिन्ही आहेत. तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ यांचीही अनुज्ञा त्याच प्रकरणात आहे.

शिल्पकाराला तेथे वज्र देता आले असते, त्रिशूळ देता आला असता, ताईत देता आला असता. त्याने रानातले, गरिबाला परवडणारे, गुण ठाऊक असलेले फळ दिले. तो हात घेण्यासाठी पसरलेला नाही, देण्यासाठी पसरलेला आहे. या मूर्तीपुढे आपण नवस बोलू लागलो, तर तिच्या हाताची दिशाच आपण उलटी केली, असे होईल.

इतिहासात ही मूर्ती ज्यांनी पूजिली त्यांनी तिचे काय केले? दोन्ही प्रकार घडले. जपानात सम्राट तेन्मू याने राणीच्या आजारात, इ.स. ६८० मध्ये, भैषज्यगुरूचे देवालय बांधण्याचा संकल्प सोडला. नारा येथील याकुशीजी ते हेच. राणी बरी झाली. सम्राट मात्र देवालय पुरे होण्यापूर्वीच, ६८६ साली वारला. एक पक्षकार जगला, एक मेला. अशा पुराव्यावर मूर्तीच्या रोगहारक शक्तीचा दावा कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही. पण त्याच नारा नगरात सम्राज्ञी कोम्यो हिने इ.स. ७३० मध्ये गरिबांना फुकट औषध देणारी सेयाकुइन नावाची संस्था काढली. मूर्तीतील हिरडा तिने मूर्तीच्या बोटांतून काढून रोग्याच्या हातावर ठेविला, असे मी म्हणेन.

याहून मोठा दाखला कंबोडियाचा आहे. तेथे इ.स. ११८१ पासून राज्य करणारा सातवा जयवर्मन हा महायानी बौद्ध होता. त्याच्या ११८६ सालच्या ता प्रोम येथील शिलालेखात राज्यातील १०२ आरोग्यशाळांचा उल्लेख आहे. त्यांच्या निर्वाहासाठी ८३८ गावे आणि ८१,६४० माणसे नेमिली होती. (त्या माणसांनी ते ओझे आनंदाने वाहिले की नाही, हे राजाचा शिलालेख कसा सांगणार?) प्रत्येक आरोग्यशाळेशेजारी भैषज्यगुरूचे लहानसे मंदिर असे. आरोग्यशाळांचे संस्कृत शिलालेख त्याच बुद्धाला वंदन करून आरंभतात आणि पुढे मध, साखर, कापूर, तीळ, जिरे, आले यांचा हिशोब देतात. प्रजेचे दुःख राजाला स्वतःच्या दुःखाहून अधिक जाचते, असेही त्यांत म्हटले आहे. आणि आपणांस सर्वांत महत्त्वाचे वाक्य पुढेच येते: चारही वर्णांच्या लोकांवर येथे उपचार व्हावेत. त्यासाठी दोन वैद्य नेमिले होते. मूर्तीच्या शेजारी वैद्य, आणि वैद्याच्या दारात वर्णाचा अडसर नाही. भैषज्यगुरूच्या मूर्तीचा अर्थ कोणी मला एका दाखल्यात विचारला, तर मी हाच शिलालेख पुढे करीन.

असा शिलालेख आपल्या देशात किती अवघड होता, याचीही नोंद आहे. १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र छापून आले होते. बाबासाहेबांनी ते आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत समाविष्ट केले आहे. त्या शिक्षकाची पत्नी नुकतीच बाळंत झाली होती. ती आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. गावातील प्रतिष्ठित मंडळींची रदबदली झाली आणि नगरशेठ दोन रुपये फीस जामीन राहिला, तेव्हा तो आला. परंतु रोग्याला वस्तीबाहेर आणिले तरच पाहीन, या अटीवर. त्या ओल्या बाळंतिणीला तान्ह्या मुलासह बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने तो पतीच्या हातात दिला, पतीने पत्नीला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. रात्री आठच्या सुमारास दिव्याच्या उजेडात तो पाहून डॉक्टरने न्युमोनिया असल्याचे सांगितले. पुढे त्याने तिला तपासण्यास नकार दिला. ती मरण पावली.

रोगाचे निदान झाले होते. औषधही धाडले होते. राहिला होता तो हात. भगवंतांनी मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला डोक्याकडून धरून उचलिले, तो हात. भैषज्यगुरूच्या मूर्तीत जो हात पुढे आलेला दाखविला आहे, त्याचे मोल ज्यांना तो नाकारला गेला त्यांच्याइतके कोणाला कळणार? म्हणूनच ही मूर्ती आपल्या घरी शोभेची वस्तू किंवा तोडग्याचे साधन म्हणून यावी, याचे मला दुःख होते.

कायद्याच्या बाजूने काही गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. मूर्ती घरात ठेवणे हा आपल्या श्रद्धेचा भाग. त्यास संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे. परंतु अमुक मूर्तीने मधुमेह, पक्षाघात किंवा कर्करोग बरा होतो अशी जाहिरात करणे हा निराळा विषय आहे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय यांविषयीच्या कायद्यात ताईत, मंत्र, कवच आणि चमत्कारी गुण सांगितला जाणारा कोणताही तोडगा हे 'जादूचे उपाय' ठरतात व त्यांच्या अशा जाहिरातीस मनाई आहे. मूर्तीवर बुद्धाचा चेहरा आहे म्हणून ती या व्याख्येतून सुटत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. दिवा लावून रोग्याला घरी बसविणारा मनुष्य नातेवाईक असला आणि त्याचा हेतू चांगला असला, तरी त्याने गमावलेला वेळ परत येत नाही.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्याने, ज्याला आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून रुग्णालयात वा दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही, २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने, रुग्णालय, दवाखाना व प्राथमिक आरोग्य केंद्र यांत अनुसूचित जातीच्या माणसाला जाण्यास अडविणे स्पष्ट शब्दांत समाविष्ट झाले. धम्मदीक्षेने हे संरक्षण जाते, असा गैरसमज काही लोक मुद्दाम पसरवितात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे. आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका शेतमजुराच्या प्रकरणात असा निर्णय दिला, की सरकारी रुग्णालयाने निकडीच्या वेळी उपचार न देणे म्हणजे अनुच्छेद एकवीसमधील जीविताच्या हक्काचा भंग होय. तो मजूर १९९२ मध्ये आगगाडीतून पडला होता आणि कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठविले होते. जागा नाही, हे उत्तर न्यायालयाने ऐकून घेतले नाही. भैषज्यगुरूची सातवी प्रतिज्ञा आता प्रतिज्ञा राहिलेली नाही, ती मागता येण्याजोगी झाली आहे. मात्र ती मागावयास कोणीतरी रोग्याबरोबर रुग्णालयाच्या दारापर्यंत गेले पाहिजे. एकट्या, ग्लानीत असलेल्या माणसाला नकाराचे कारण लेखी मागता येत नाही, सोबत्याला येते.

तेव्हा, ज्यांनी मूर्ती घेतली आहे त्यांनी ती टाकावी असे मी म्हणत नाही. सोबतची चिठ्ठी फाडून टाकावी. दिशेची चिंता करू नये. मुले हातातील फळाविषयी विचारतील, त्यांना हिरडा सांगावा, महावग्गातील त्या भिक्खूची गोष्ट सांगावी. ज्यांनी मूर्ती घेतलेली नाही त्यांनी ते पैसे राखून विहाराच्या उपयोगी आणावेत, असे मला वाटते. आपल्या बहुतेक विहारांत एक कपाट असते व त्यात जुन्या पताका पडलेल्या असतात. त्यातील एक कप्पा रिकामा करून घ्यावा. वस्तीतील कोण आजारी आहे, कोणाच्या गोळ्या नियमित चालू आहेत, रात्री रुग्णालयात कोण जाऊन बसू शकेल, यांची एक वही तेथे ठेवावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, जवळचे आरोग्य केंद्र आणि वस्तीतील परिचारिका भगिनी यांचे क्रमांक पहिल्या पानावर लिहावेत. रविवारच्या वंदनेनंतर ती वही वाचली जावी आणि येत्या आठवड्याच्या पाळ्या तेथेच ठरविल्या जाव्यात. शेजारच्या कप्प्यात पट्ट्या, मीठ-साखरेची पाकिटे आणि एक थर्मामीटर असावा, आणि तो कोणाही आजाऱ्याला आपल्या हाताने लावणारी दोन माणसे येत्या पौर्णिमेलाच नेमून घ्यावीत.